हॅरोत व्हिसावर राहतोय, तर कौन्सिलच्या निवडणुकीत मत देता येतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दोघांकडेही भारतीय पासपोर्ट, स्किल्ड वर्कर व्हिसा, चिंचवडहून येऊन रेनर्स लेनला भाड्याने राहताय. घरी मतदार नोंदणीचं पत्र आलंय. 7 मे 2026 ला लंडनमधल्या हॅरो कौन्सिलची, म्हणजे इथल्या महापालिकेची, निवडणूक आहे. मत दिलं तर पुढे व्हिसाला किंवा आयएलआरला (इथे कायम राहण्याच्या परवानगीला) काही अडचण येईल का, अशी धास्ती वाटते. शिवाय हे कौन्सिल नेमकं करतं काय, आणि कुणालाच ओळखत नसताना मत द्यायचं कुणाला, हेही कळत नाही. सासू-सासरे सहा महिन्यांसाठी येणार आहेत, त्यांचं काय, असंही विचारलंय.

आधी उत्तर देते. तुम्हा दोघांनाही मत देता येतं, आयएलआर किंवा ब्रिटिश पासपोर्टची वाट न बघता. त्याने व्हिसाला काहीही होत नाही. आणि ते आलेलं पत्र बाजूला ठेवून देण्यासारखं नाही, त्याला उत्तर देणं कायद्याने बंधनकारक आहे.

मी या भागात बरीच वर्षं निवडणुकीच्या कामावर असते. आधी पोल क्लर्क होते, आता मतदान केंद्रावर प्रिसायडिंग ऑफिसर, म्हणजे केंद्राध्यक्ष, म्हणून बसते, आणि मतमोजणीलाही असते. हे काम करणाऱ्याला त्या निवडणुकीत कुणाचा प्रचार करता येत नाही, त्यामुळे कुठल्या पक्षाला मत द्या हे मी सांगणार नाही. पण आपली माणसं कुठे अडतात, दारातून परत का जातात, हे माझ्या टेबलासमोरच घडतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

हक्क कुठून येतो ते पाहू. इंग्लंडमध्ये कौन्सिलच्या निवडणुकीत ब्रिटिश आणि आयरिश नागरिकांबरोबर कॉमनवेल्थ (राष्ट्रकुल) देशांचे नागरिकही मत देऊ शकतात. अट एवढीच की ते इथे राहत असावेत, 18 वर्षं पूर्ण असावीत आणि त्यांच्याकडे राहण्याची वैध परवानगी असावी किंवा त्यांना तिची गरज नसावी. भारत कॉमनवेल्थमध्ये आहे. म्हणून स्टुडंट व्हिसावरची मुलगी, डिपेंडंट म्हणून आलेली बायको किंवा नवरा, स्किल्ड वर्कर, सगळे या अटीत बसतात. पार्लमेंटच्या निवडणुकीतही बसतात. तुमच्या ऑफिसमधला नेपाळी किंवा अमेरिकन सहकारी मात्र बसत नाही, कारण ते देश कॉमनवेल्थमध्ये नाहीत. श्रीलंकेचा, बांगलादेशचा बसतो. पोर्तुगीज पासपोर्टवर आलेले पुष्कळ गोवेकर इथे आहेत. पोर्तुगालशी ब्रिटनचा वेगळा करार असल्याने त्यांना कौन्सिलला मत देता येतं, पार्लमेंटला नाही.

हा हक्क कुणी नव्याने उदार होऊन दिलेला नाही. साम्राज्याच्या काळात भारतीय माणूस ब्रिटिश प्रजाजन होता आणि इथे राहत असेल तर मत देऊ शकत होता, उभाही राहू शकत होता. दादाभाई नौरोजी 1892 मध्ये लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीतून पार्लमेंटवर निवडून आले, तेही अवघ्या 5 मतांनी. व्ही. के. कृष्ण मेनन 1934 पासून 1947 पर्यंत लंडनच्या सेंट पॅन्क्रस बरोचे (बरो म्हणजे स्वतःचं कौन्सिल असलेला शहराचा भाग) कौन्सिलर, म्हणजे नगरसेवक, होते आणि तिथल्या वाचनालयांसाठी त्यांनी खूप काम केलं. तेच मेनन पुढे 1957 आणि 1962 ला उत्तर मुंबईतून लोकसभेवर गेले. साम्राज्य गेलं, कॉमनवेल्थ आलं, पण मताचा हक्क तसाच पुढे चालत आला.

आता व्हिसाची धास्ती. कायद्याने मिळालेला हक्क वापरला म्हणून कुणाचा व्हिसा अडत नाही. नोंदणीच्या फॉर्मवर राष्ट्रीयत्व विचारतात, तिथे 'इंडियन' असंच खरं लिहायचं. नोंदणी अधिकाऱ्याला गरज वाटली तर तो तुमचा इमिग्रेशन दर्जा तपासू शकतो. तुमचा व्हिसा वैध आहे, तेव्हा तपासू दे. गुन्हा होतो तो खोटी माहिती दिली तर. भारतीय नागरिकत्वालाही याने बाधा येत नाही. ते जातं परदेशी नागरिकत्व घेतल्यावर. उलट नोंदणी टाळण्यातच तोटा आहे. घरात कोण राहतं याची चौकशी करणाऱ्या पत्राला उत्तर दिलं नाही तर 1,000 पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि नोंदणी करा असं सांगूनही न केल्यास 80 पौंडांचा. शिवाय क्रेडिट कार्ड, मोबाइलचं कॉन्ट्रॅक्ट, पुढे मॉर्गेज, या सगळ्या वेळी क्रेडिट कंपन्या तुमचं नाव त्या पत्त्यावर मतदार यादीत आहे का ते बघतात. नवीन आलेल्या माणसाचा क्रेडिट स्कोअर उभा करायला याची खरोखर मदत होते.

नोंदणी ऑनलाइन होते, पाच-दहा मिनिटांत. नॅशनल इन्शुरन्स नंबर हाताशी ठेवा. प्रत्येकाने स्वतःची करायची असते. आपल्याकडे रेशन कार्डासारखं कुटुंबप्रमुखाने सगळ्यांचं भरायची सवय असते, आणि मग नवऱ्याचं नाव यादीत असतं, बायकोचं नसतं. हे मी इतक्या वेळा पाहिलंय की तुम्हाला मुद्दाम सांगते: दोघांनी दोन वेगळे अर्ज करा. 7 मेच्या निवडणुकीसाठी शेवटचा दिवस 20 एप्रिल आहे. पोस्टाने मत द्यायचं असेल तर त्याचा अर्ज 21 एप्रिलला संध्याकाळी 5 पर्यंत.

आणखी एक. तुमचं बरो कुठलं, ते पोस्टकोडवरून ठरवू नका. एचए म्हणजे हॅरो असं सगळे धरून चालतात, पण एचए9 आणि एचए0 म्हणजे वेम्बली, ते ब्रेंट बरोमध्ये. एचए4 म्हणजे रायस्लिप, ते हिलिंग्डनमध्ये. केंटन रोडची तर गंमतच आहे: रस्त्याच्या एका बाजूला हॅरो, समोरच्या फुटपाथवर ब्रेंट. तिकडे एजवेअरला ए5 रस्ता ओलांडला की बार्नेट. समोरासमोर राहणारी दोन कुटुंबं एकाच दुकानातून मेथीची जुडी आणतात, पण त्यांचा कचरा वेगळी कौन्सिलं उचलतात आणि त्यांच्या मतपत्रिकाही वेगळ्या. तुम्ही रेनर्स लेनला आहात म्हणजे हॅरो जवळपास नक्कीच, तरी कौन्सिल टॅक्सच्या बिलावर कुणाचं नाव आहे ते बघा. ते खरं.

कौन्सिल टॅक्सचं बिल आलंच आहे बोलण्यात, तर कौन्सिल काय करतं हेही तिथूनच कळेल. महिन्याला तुम्ही जे भरता त्याचे दोन मुख्य भाग असतात: एक बरोचा, दुसरा ग्रेटर लंडन ऑथॉरिटीचा, म्हणजे लंडनच्या मेयरचा. पोलिस, बस, ट्यूब हे मेयरकडे. हॉस्पिटल आणि जीपी (फॅमिली डॉक्टर) एनएचएसकडे, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेकडे. व्हिसा, इन्कम टॅक्स केंद्र सरकारकडे, त्यासाठी एमपी, म्हणजे खासदार. बरोकडे उरतं ते असं: कचरा, बहुतेक रस्ते आणि फुटपाथ, पार्किंग आणि परमिट झोन, बांधकामाच्या परवानग्या, शाळेचे प्रवेश, वाचनालयं, बागा, घरं नसलेल्यांची सोय, भाड्याच्या घरांवर देखरेख, आणि सोशल केअर. या शेवटच्या गोष्टीवर, म्हणजे वयोवृद्ध आणि अपंगांची देखभाल आणि ज्यांना घरी सांभाळणारं कुणी नाही अशा मुलांवर, कौन्सिलचा सगळ्यात मोठा खर्च होतो. लोक भांडतात डब्यावरून आणि पार्किंगवरून, पण पैसा जातो तिथे. म्हणून एखादा उमेदवार म्हणाला की मी टॅक्स कमी करेन आणि सेवाही वाढवेन, तर सोशल केअरचा खर्च कुठून भागवणार, हे त्याला जरूर विचारा.

रचना आपल्या महापालिकेपेक्षा वेगळी आहे. हॅरोचा महापौर हा मानाचा, वर्षभराचा, समारंभांना गळ्यात साखळी घालून जाणारा. खरी सत्ता लीडरकडे, म्हणजे कौन्सिलच्या राजकीय प्रमुखाकडे, आणि त्याने निवडलेल्या कॅबिनेटकडे. आयुक्त राज्य सरकारने पाठवलेला नसतो. वरिष्ठ अधिकारी कौन्सिलच नेमतं. त्यामुळे 'आमचं काही चालत नाही, आयुक्त ऐकत नाहीत' ही सबब इथल्या सत्ताधाऱ्यांना नाही. जे होतं आणि जे होत नाही, त्याची जबाबदारी बहुमत असलेल्या पक्षाची. मला इथल्या पद्धतीतली ही गोष्ट सगळ्यात आवडते.

आता तुमच्या एका मताने काय होणार, हा प्रश्न. हॅरोत 55 कौन्सिलर आहेत, 22 वॉर्डांमधून. म्हणजे साधारण तीन-साडेतीन हजार मतदारांमागे एक. मुंबईत 227 नगरसेवक आहेत आणि 2011 च्या जनगणनेनुसार लोकसंख्या 1.24 कोटी होती. प्रत्येकामागे पन्नास हजारांहून जास्त माणसं. इथे वॉर्ड लहान, आणि मतदानही कमी होतं. लंडनच्या बरोंमध्ये साधारण तिघांपैकी एक ते पाचांपैकी दोन मतदार येतात. तुम्ही दोघं, वरच्या फ्लॅटमधलं नागपूरचं जोडपं आणि समोरचा विद्यार्थ्यांचा गट मिळून वॉर्डात फरक पडू शकतो.

आणि हॅरो हे एका पक्षाचं घट्ट बरो नाही. 2018 ला लेबर 35 आणि कॉन्झर्व्हेटिव्ह 28 होते, तेव्हा जागा 63 होत्या. 2022 ला वॉर्डांची फेररचना झाली, जागा 55 झाल्या, आणि कॉन्झर्व्हेटिव्ह 31, लेबर 24 असा निकाल लागला. त्याच निवडणुकीत वेस्टमिन्स्टर, वँड्सवर्थ आणि बार्नेट या बरोंमध्ये कॉन्झर्व्हेटिव्हांची सत्ता गेली होती, आणि हॅरोने बरोबर उलटं केलं. देशाची हवा एकीकडे असताना बरो स्वतःचं ठरवतं. टीव्हीवर कोण पंतप्रधानावर काय बोलतंय, यावरून इथला निकाल कळत नाही.

मतदानाच्या दिवसाबद्दल नीट सांगते, कारण आपली माणसं जास्त अडतात ती इथेच. गुरुवार असतो, सुट्टी नसते, वेळ सकाळी 7 ते रात्री 10. दहाच्या ठोक्याला रांगेत उभे असाल तर मत घेतलं जातं. केंद्र ठरलेलं असतं, ऑफिसजवळच्या केंद्रावर चालत नाही. घरी पोस्टाने येणारं पोल कार्ड आणलं तर बरं, नसलं तरी चालतं. फोटो असलेलं ओळखपत्र मात्र लागतंच. 2023 पासून हा नियम आहे, म्हणजे 2022 च्या बरो निवडणुकीला नव्हता. शेजारी जर म्हणाले की मागच्या वेळी आम्ही नुसतं नाव सांगून मत दिलं, तर ते खरं सांगताहेत, पण ते आता चालणार नाही.

भारतीय पासपोर्ट चालतो. कॉमनवेल्थ देशाचा पासपोर्ट यादीत आहे. ब्रिटिश ड्रायव्हिंग लायसन्स चालतं, प्रोव्हिजनलसुद्धा. ज्येष्ठांचा फ्रीडम पास (लंडनमधला मोफत प्रवासाचा पास) चालतो. मुदत संपलेलं असलं तरी फोटोवरून तुम्ही ओळखू येत असाल तर चालतं. आधार, पॅन, भारतातलं लायसन्स, ऑफिसचा बॅज, हे चालत नाहीत. फोनवरचा ई-व्हिसा किंवा पासपोर्टचा फोटोही नाही. मूळ कागद हातात हवा. दर निवडणुकीत कुणीतरी कामावरून थेट येतं, फोन पुढे करतं, आणि मला त्यांना घरी जाऊन या म्हणावं लागतं. काही येतात, काही येत नाहीत. ते न आलेले मला खरंच सलतात.

पासपोर्ट नूतनीकरणाला दिला असेल, आणि मे महिन्यात भारतात जायचं म्हणून बऱ्याच जणांनी एप्रिलमध्ये दिलेला असतो, तर काय? व्होटर ऑथॉरिटी सर्टिफिकेट नावाचं मोफत ओळखपत्र मिळतं. आधी यादीत नाव हवं, मग फोटो अपलोड करून अर्ज. या निवडणुकीसाठी शेवटची वेळ 28 एप्रिल, संध्याकाळी 5. ते शेवटच्या दिवसावर ठेवू नका.

मग नावाचा घोळ. टेबलावर क्लर्क यादीतलं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव ताडून बघतो. पत्ता बघत नाही, त्यामुळे पासपोर्टवर चिंचवडचा पत्ता असला तरी काही बिघडत नाही. मधलं नाव एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही, स्पेलिंगमध्ये एखादं अक्षर इकडे-तिकडे, हे चालून जातं. अडतं ते लग्नानंतरच्या नावाला. पासपोर्ट माहेरच्या नावाने, भाडेकरार सासरच्या नावाने, आणि नोंदणी करताना बाई तेच सासरचं नाव टाकते. दोन्हीत पहिलं नाव तेवढं जुळतं. कधी सासरी पहिलं नावही बदललेलं असतं, मग काहीच जुळत नाही. उपाय सोपा: नोंदणी पासपोर्टवर जसं नाव आहे तशीच करा. आधीच वेगळी झाली असेल तर विवाह नोंदणीचा दाखला बरोबर आणा, इंग्रजीतला असेल तर उत्तम. हे वाचणाऱ्या प्रत्येक बाईने आज रात्री एकदा तपासून घ्यावं. चेहरा झाकलेला असेल तर आडोशाला, हवं तर महिला कर्मचाऱ्यासमोर तपासणी होते, तशी सोय केंद्रावर ठेवलेली असते.

आत गेलात की मशीन नाही, बोटाला शाई नाही. कागदाची मतपत्रिका आणि दोरीने बांधलेली पेन्सिल. पेन्सिल खोडतील अशी शंका आली तर स्वतःचं पेन वापरा, मुभा आहे. नोटा नाही.

मतपत्रिकेवर सगळ्यात वर लिहिलेलं असतं, किती उमेदवारांना मत देता येईल. हॅरोचे निम्मे वॉर्ड तीन जागांचे, निम्मे दोन जागांचे. पिंपरी-चिंचवडमध्ये तुम्ही बहुसदस्यीय प्रभाग पाहिला आहे, पण तिथे अ, ब, क, ड अशा वेगळ्या जागा असतात आणि प्रत्येक जागेसाठी वेगळं मत. इथे तसं काही नाही. सगळ्या पक्षांचे सगळे उमेदवार एकाच यादीत, आडनावाच्या इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने. तीन जागा असतील तर जास्तीत जास्त तीन फुल्या. एकच केलीत तरी मत वैध. दोन एका पक्षाला आणि एक दुसऱ्याला, तेही वैध. चार केल्यात तर सगळी मतपत्रिका बाद. सही केलीत, नाव लिहिलंत, तरी बाद, कारण मत कुणाचं ते ओळखू येतं. चुकलात तर पेटीत टाकायच्या आधी माझ्यासारख्या कुणाकडे या, जुनी परत घेऊन नवी देतात. यात लाजण्यासारखं काही नाही.

या तीन फुल्यांचं काय होतं ते मोजणीच्या टेबलावर बघण्यासारखं असतं. आधी प्रत्येक पेटीतल्या मतपत्रिकांची संख्या केंद्रावरून आलेल्या हिशोबाशी जुळवतात. ती जुळल्याशिवाय पुढे कुणी सरकत नाही. मग एकाच पक्षाच्या तिघांना तीन फुल्या असलेल्या मतपत्रिका वेगळ्या काढून त्यांचे गठ्ठे बांधतात. ते झटपट होतं. उरतात त्या मिश्र. त्यांच्यासाठी लांब चिकट पट्ट्यांचा कागद असतो, त्याला आम्ही ग्रास स्कर्ट म्हणतो. त्यावर मतपत्रिका एकाशेजारी एक अशा चिकटवतात की प्रत्येकीची फक्त फुल्यांची कडेची उभी पट्टी दिसावी. मग पंचवीसेक पट्ट्या शेजारीशेजारी लागल्या की एकेका उमेदवाराच्या ओळीवरून आडवं बोट फिरवत फुल्या मोजायच्या. एक जण मोजतो, दुसरा परत मोजतो. टेबलाच्या पलीकडे उमेदवारांचे प्रतिनिधी वाकून उभे असतात, त्यांना कागदाला हात लावता येत नाही, पण शंका काढता येते. शंकास्पद मतपत्रिका बाजूला ठेवून सगळ्यांसमोर रिटर्निंग ऑफिसर (निवडणूक निर्णय अधिकारी) निवाडा देतो.

त्या कागदावर एक गोष्ट लख्ख दिसते. एकाच पक्षाच्या तिघांना सारखी मतं कधीच पडत नाहीत. यादीत आडनावाने खाली असलेला बरेचदा मागे राहतो, कारण लोक वरून खाली येताना एखादी फुली विसरतात. आणि चुरशीच्या वॉर्डात तिसरी जागा या मिश्र मतांवरच ठरते. एका पक्षाचे दोन, दुसऱ्याचा एक, असा निकाल तिथूनच निघतो. ही पद्धत मला पूर्णपणे न्याय्य वाटत नाही. लंडनच्याच न्यूअम बरोत 2010, 2014 आणि 2018 अशा तीन निवडणुकांत सगळ्या 60 जागा लेबरला गेल्या, लुइशम बरोत 2018 आणि 2022 ला सगळ्या 54. प्रत्येक मतदाराने त्यांनाच मत दिलं होतं असं थोडंच आहे? विरोधात बसून प्रश्न विचारायला एकही माणूस नसलेलं कौन्सिल कुठल्याच पक्षाचं असू नये. पण नियम आज हे आहेत, तेव्हा तुमच्या सगळ्या फुल्या विचार करून वापरा. एक पक्ष आवडतो म्हणून तिन्ही त्यालाच, हे ठीक. पण त्यांच्यातला एखादा वॉर्डात फिरकलेलाही नसेल आणि दुसऱ्या पक्षाच्या बाईंनी तुमच्या रस्त्यासाठी धडपड केली असेल, तर फुली तिकडे वळवायला तुम्हाला कुणी अडवलेलं नाही.

प्रचाराचंही सांगून ठेवते, म्हणजे दचकणार नाही. भोंगे, मिरवणुका, फ्लेक्स काही नाही. लेटरबॉक्समधून लीफलेट येतात, आणि संध्याकाळी कुणीतरी दार वाजवून 'तुमचा पाठिंबा धरू का' असं विचारतं. उत्तर देणं तुमच्यावर बंधनकारक नाही. आपल्याकडे मतदानाच्या आधी प्रचार थांबतो, इथे थांबत नाही. मतदानाच्या दिवशी रात्री आठलाही 'मत दिलंत का' म्हणून दार वाजतं. केंद्राबाहेर छातीवर रंगीत फित लावलेले पक्षाचे लोक पोल कार्डावरचा नंबर विचारतात. ते आमचे कर्मचारी नाहीत. नंबर सांगायचा की नाही, तुमची मर्जी. आणि कुणी कार्यकर्ता 'तुमचं पोस्टाचं मत मी नेऊन टाकतो' म्हणाला, कितीही ओळखीचा, देवळातला, मंडळातला असला, तरी देऊ नका. प्रचार करणाऱ्याने दुसऱ्याची पोस्टाची मतं हाताळणं हा आता गुन्हा आहे.

कुणाला मत द्यायचं, हे कसं ठरवायचं? लीफलेटवर मी फार विसंबणार नाही. कौन्सिलच्या संकेतस्थळावर आत्ताच्या प्रत्येक कौन्सिलरची बैठकांमधली हजेरी, तो कुठल्या समितीवर आहे, त्याचे आर्थिक हितसंबंध, बैठकांची इतिवृत्तं, सगळं खुलं असतं. बांधकाम परवानग्यांच्या समितीत कोण काय बोललं तेही वाचता येतं. आणि याहून सोपं म्हणजे, तुमच्या वॉर्डच्या कौन्सिलरांना आत्ताच, निवडणुकीआधी, एखादी खरी अडचण लिहून पाठवा. घरात ओल आहे आणि मालक दाद देत नाही, कोपऱ्यावरचा दिवा बंद आहे, मुलाचा शाळाप्रवेश अडकलाय, जे खरं असेल ते. नाव, पत्ता, फोटो, तारीख. कोण उत्तर देतं, किती दिवसांत, आणि उत्तरात नुसती सहानुभूती आहे की कुठल्या अधिकाऱ्याकडे काम दिलंय ते लिहिलंय, हे बघा. व्हिसावर आहात, मत देता की नाही, हे विचारायचा त्यांना काही संबंध नाही. वॉर्डात राहणाऱ्या प्रत्येकाचं काम त्यांनी करायचं असतं. सगळ्या उमेदवारांची अधिकृत यादी अर्जांची मुदत संपल्यावर, म्हणजे 9 एप्रिलनंतर लगेच, जाहीर होते. तेव्हा नवीन उमेदवारांनाही तोच प्रश्न पाठवा.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण मंडळात बरेचदा निघते: आपल्यापैकी कुणी उभं राहू शकतं का? स्किल्ड वर्कर व्हिसावर नाही. आयएलआर मिळालं की भारतीय पासपोर्टवरही राहता येतं. अनामत रक्कम नाही, वॉर्डातल्या फक्त दोन मतदारांच्या सह्या लागतात. प्रचाराच्या खर्चाला कायद्याची मर्यादा आहे आणि ती लहान आहे. 2022 ला ती 806 पौंड अधिक दर मतदारामागे 7 पेन्स एवढीच होती. पैसा नाही म्हणून इथे कुणाचं अडत नाही. निवडून आल्यावर पगार नसतो, भत्ता मिळतो, आणि नोकरी सांभाळून संध्याकाळच्या बैठका कराव्या लागतात. आपल्यातली पुष्कळ हुशार, कामसू माणसं गणपती आणि दिवाळीचे कार्यक्रम इतके चोख करतात. त्यांच्यातल्या चार-दोघांनी तरी याचा गंभीरपणे विचार करावा असं मला मनापासून वाटतं.

राहिले सासू-सासरे. व्हिजिटर व्हिसावर काही महिने मुक्कामाला आलेली माणसं इथली रहिवासी धरली जात नाहीत, त्यामुळे त्यांना नोंदणी करता येणार नाही. उगाच फॉर्म भरू नका. मतदान केंद्रात तुमच्यासोबत त्यांना आत येता येत नाही, बाहेर थांबावं लागेल. मुलांना मात्र जरूर आत आणा, त्याला परवानगी आहे. फक्त फुली तुमच्याच हाताने करा, आणि आत फोटो काढू नका.